एक वेढा जास्त

मी तार गुंडाळते. आमच्या धंद्याची माहिती या तीन शब्दांत संपते, आणि म्हणूनच बहुधा आजवर कोणी ती मला विचारली नाही. तुमच्या घरी पाणी तापवायचा रॉड असेल, इस्त्री असेल, गिझर असेल, तर त्याच्या पोटात नायक्रोमची बारीक तार असते. ती सरळ नसते, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिला कॉइल म्हणायचं. ती कोणीतरी गुंडाळलेली असते. आधी कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात बावीस वर्षं आणि मग गांधीबागेतल्या एका गल्लीत आठ बाय दहाच्या दुकानात अठरा वर्षं, ते कोणीतरी म्हणजे मी.

आता दुकान बंद केलं आहे. केसाएवढी तार दिसेनाशी झाली, तेव्हा उगाच ओढाताण केली नाही. या अंकाच्या संपादकबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांची इस्त्री तीनदा माझ्याकडून नीट होऊन गेली. चौथ्यांदा त्या आल्या तेव्हा पिशवीत इस्त्री नव्हती, "तुमच्या कामाबद्दल लिहा" एवढा हुकूम होता. म्हटलं, लिहू. पण जन्मापासून सुरुवात करणार नाही.

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी हकिकत तिच्यावर उभी आहे. लोकांना वाटतं, तार जास्त गुंडाळली की आंच जास्त. अगदी उलट आहे. वेढे वाढले की तारेची लांबी वाढते, वीज जायला अडथळा वाढतो आणि कॉइल थंड पडते. वेढे कमी केले की ती लालबुंद होते, आणि फार कमी केले की जळून जाते. किती वेढे घ्यायचे, यातच आमचं सगळं शहाणपण. हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. सगळ्यांनी मान डोलावली आणि जाता जाता म्हणाले, "बाई, थंडी आहे, दोन वेढे जास्त टाका."

मला एक खोड आहे. नवीन वस्तू दुकानात आली की तिचं पोट उघडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि दुरुस्त केली की आपण वापरून पाहिल्याशिवाय ती मी देत नाही. एकदा एक निवृत्त मास्तर पूजेला बसायचा पाट घेऊन आले. थंडीत मांडी जखडते, म्हणून तो खालून कोमट करून हवा होता. मी करून दिला, पण त्याआधी दुकानाच्या दारात त्या पाटावर तासभर मांडी घालून बसले. येणारे जाणारे नमस्कार करून गेले. एकाने तर विचारलं, "बाई, कधीपासून सुरू केलं हे?"

ही खोड मला लावली गुलाबराव मिस्त्रींनी. कळमेश्वरच्या कारखान्यात ते आमचे फोरमन. मी कामाला लागले तेव्हा बायकांना फक्त जाडी तार द्यायचे, शेगडीची. बारीक काम पुरुषांकडे. मिस्त्रींनी पहिल्या महिन्यातच मला बारीक तारेच्या मशीनवर बसवलं. कोणी कुरकुर केली तर म्हणाले, "मी हात पाह्यतो. बाकी मले काही दिसत नाही." नवीन कॉइलला पहिल्यांदा वीज दिली की तारेवरचं तेल जळून धूर निघतो, कुठे वेढा सैल असेल तर तिथे ती आधी लाल होते. तो दोष गिऱ्हाइकाच्या घरी दिसला तर आपली अब्रू गेली. म्हणून पहिली आंच कायम आपल्यासमोर, असा त्यांचा नियम होता. माणूस कडक, जीभ तिखट, आणि कानावर कायम एक विझलेली बिडी. तासातासाला ते फाटकाबाहेर जाऊन ती ओढून यायचे. आम्ही बायका त्यांच्या बिडीवर वेळ सांगायचो.

कारखाना सोडून मला बरीच वर्षं झाली होती. एका सोमवारी मिस्त्री माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे. अंगावरचा शर्ट दोन माप मोठा वाटत होता, आणि एक हात पोटाच्या खाली दाबून धरलेला.

"शीला, ड्रिपर आणला हाये. कॉइल भरून देजो वं."

आता, ड्रिपर म्हटलं की आमच्याकडे कोणाच्याही डोळ्यासमोर संत्र्याचा बगीचा येतो. नळीला बसवलेलं ते काळं बोंडूक, ज्यातून झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडतं.

"ड्रिपरले कॉइल कायले मिस्त्री? संत्र्याले गरम पाणी देऊन राहिले काय?"

ते हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबेचना. भिंतीला टेकले, दोन्ही हातांनी पोट धरलं, डोळ्यांत पाणी आलं. मी स्टूल पुढे केलं. मग जरा दमाने त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांना हर्निया झाला होता. एकदा आतडं बाहेर येऊन अडकलं, धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हाताने दाबून आत घातलं. पुढच्या वेळी ते तसं जाईलच याची खात्री नव्हती, आणि नाही गेलं तर जिवावरच बेतणार होतं. ऑपरेशन करायलाच हवं. पण एवढा खोकला असताना डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, एका उबळीत टाके तुटतील म्हणाले. आणि बिडी थांबल्याशिवाय खोकला थांबणार नव्हता. मिस्त्रींनी चार वेळा बिडी सोडली होती आणि चार वेळा धरली होती. शेवटी दुबईला असलेल्या पुतण्याने ही विजेची सिगारेट आणून दिली. तिने बिडी सुटते म्हणे. तिच्यातल्या तयार कॉइल जळून गेल्या, तेव्हा त्याने हा वेगळा भाग पाठवला. त्यात कॉइल आपली आपण बसवायची असते.

पुढे आपल्याकडे या सगळ्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा मी इथे कोणाला काही सुचवते आहे असं समजू नका. त्या वेळी मला बंदी-बिंदी काही ठाऊक नव्हतं. मला फक्त ती वस्तू दिसत होती, आणि खरं सांगते, मिस्त्रींच्या आजाराचं वाईट वाटत असतानाही माझे हात तिच्याकडे वळवळत होते.

खाली एक जाडजूड बॅटरी, तिला एकच बटण. वर पितळी टोपण. टोपण काढलं की आत वाटीएवढीही नाही, बाटलीच्या बुचाएवढी जागा, आणि तिच्यात दोन इवलेसे खांब, त्यांना स्क्रू. या दोन खांबांमध्ये कॉइल ताणायची. कॉइलच्या पोटातून कापूस ओवायचा. त्या कापसावर औषधासारख्या बाटलीतून चार थेंब टाकायचे, टोपण लावायचं, बटण दाबायचं आणि ओढायचं. कॉइल तापते, कापसातल्या रसाची वाफ होते, ती छातीत जाते. थेंब संपले की पुन्हा टोपण काढायचं, पुन्हा चार थेंब. थेंब टाकायचे म्हणून ड्रिपर. मी म्हटलं, "मिस्त्री, ही तर अंगठ्याएवढी शेगडी हाये."

"म्हणून तं तुह्याकडे आलो. माह्या डोळ्यानं आता हे होत नाही."

एवढं ऐकल्यावर मी वाट पाहते होय! बॉलपेनच्या रिफिलवर सहा वेढे घेतले, एकाला एक चिकटून. खांबांत आवळले. बटण दाबलं तर मधला वेढा आधी लाल झाला आणि मग लाली दोन्हीकडे सारखी पसरत गेली. अशी कॉइल मी मोठ्या भट्टीसाठीही कधी केली नसेल. मिस्त्री भिंग धरून पाहत होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या तोंडून वाहवा ऐकायची मला सवयच नव्हती, तेव्हा न बोलणं मी वाहवा धरून चालले.

आता हवा कापूस. समोरच कुंदाबाईचं पूजेच्या सामानाचं दुकान. तिच्याकडे वळलेल्या वातींची पाकिटं असतात. लांब, सारखी, घट्ट, अगदी कॉइलच्या पोटातून जाईल एवढी. मला वाटलं, यासारखी सोय नाही. एक पाकीट आणलं, वात ओवली, मिस्त्रींनी थेंब टाकले.

"आण इकडे," ते म्हणाले.

"थांबा. पहिली आंच माह्यासमोर, तसा पहिला झुरकाही माह्याच."

"तू नको वं शीला. बायामाणसाचं..."

"माल मी दिला. तपासीन मी."

साठीला टेकलेली मी, गांधीबागेत भर दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं आणि आयुष्यातला पहिला झुरका मारला. तोंडात जे आलं ते तंबाखूचं नव्हतं, आंब्याचं नव्हतं, बाटलीवर लिहिलेल्या कशाचंच नव्हतं. दूध उतू जाऊन शेगडीवर पडावं आणि आपण तिथे तोंड घालून बसावं, तसं काहीतरी होतं. मला ठसका लागला. दुकानभर करपलेल्या दुधाचा वास सुटला. मिस्त्री पोट दाबून हसत होते आणि ओरडत होते, "हसवू नको वं, आतडं बाहेर येईल माह्यं!"

वास समोरपर्यंत गेला असावा. कुंदाबाई शटरखालून वाकून आत आली. काय झालं ते ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अवं, वाती कशा वळतात हे ठाऊक नाही तुले? बोटं दुधात भिजवल्याशिवाय कापूस धरते काय!"

मला कसं ठाऊक असणार! आमच्या घरी वंदनेला मेणबत्ती लागते. माझ्या आईने वात वळली नाही, मी वळली नाही. इतकी वर्षं गांधीबागेत दुकान चालवून हातभर अंतरावरची ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी कुंदाबाईला मग समोर बसवून एक वात वळायला लावली. दुधाची वाटी, मांडीवर कापूस, तळहाताचा एक झोका आणि वात तयार. तिचा हात माझ्या मशीनपेक्षा सरस होता, हे मी तिला सांगितलंही.

औषधाच्या दुकानातला कापूस आणला, उकळून वाळवला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयारी केली. या वेळी झुरका बरोबर बसला. गोडसर वाफ, घशाला हलकी चुणचुण आणि मग डोकं असं गरगरलं की मी स्टूल धरलं. मिस्त्रींनी ओढून पाहिलं. त्यांच्या तोंडातून पांढरा ढग निघाला, दुकान भरून गेलं. डोळे मिटून म्हणाले, "जमलं. बिडीची आठवणही येत नाही पाह्य." मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्यांना मी काही करून दिलं, असा तो पहिलाच प्रसंग होता.

ते गेल्यावर माझं डोकं अजून हलकं होतं. ते का गरगरलं, हा प्रश्न काही मला सोडेना. पुढच्या सोमवारी ते कॉइल बदलायला आले, तेव्हा मी बाटली घेऊन भिंगाखाली धरली. बारीक अक्षरात निकोटीन लिहिलेलं.

"मिस्त्री, हे तं तंबाखूतलंच हाये. डॉक्टरले विचारलं?"

"धूर नाही न वं. वाफ हाये."

"विचारलं काय?"

त्यांनी बाटली परत घेऊन पिशवीत टाकली. त्या आठवड्यात मीच त्यांना धंतोलीला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. "बिडी सुटली हे फार चांगलं झालं. हे तिच्यापेक्षा किती बरं, किती वाईट, या वादात मी पडत नाही. तुमचा खोकला अजून आहे, आणि मला तो नको आहे. हेही बंद करा. दोन महिन्यांनी या, छाती मोकळी असेल तर तारीख देतो."

दवाखान्याबाहेर रसाच्या गाडीपाशी बाकावर बसलो. ज्या माणसासमोर आख्खा विभाग चळचळा कापायचा, तो माणूस हातातली चिठ्ठी नुसती घडी करत होता आणि उलगडत होता.

"नाही होत शीला माह्याच्यानं. हे काढून घेशील तं मी इथूनच पानठेल्यावर जाईन. खोटं कायले बोलू तुह्याशी."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. ती कॉइल इतकी छान कोणी केली होती? मी. आता द्यायची बंद केली तर बिडी, देत राहिले तर खोकला. दोन्हीकडे तेच अडकलेलं आतडं. घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

कॉइलवर आठवड्यात काजळी धरायची, त्यामुळे ते दर सोमवारी येणार हे ठरलेलं. पुढच्या सोमवारी आले. मी पाठ करून बसले आणि रिफिलवर वेढे घेतले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि मग आणखी एक.

एवढ्या वर्षांत जाणूनबुजून हलका माल मी कोणाला दिला नव्हता. पहिल्यांदा दिला, आणि तो ज्याने मला तार धरायला शिकवलं त्या माणसाला. ते दुकानातून उतरताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी आठ वेढे. मग नऊ. ढग लहान होत चालला होता. एकदा ते म्हणाले, "आज जरा थंड वाटून राहिली."

"बॅटरी उतरली असन," मी म्हटलं.

"असन," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. पूर्वीचे मिस्त्री असते तर एका वेढ्याच्या फरकावरून कॉइल तोंडावर फेकली असती. माणूस किती म्हातारा झाला, हे मला त्या "असन"मध्ये कळलं. आणि या म्हातारपणाचा मी फायदा घेत होते. सोमवार जवळ आला की मला धास्ती वाटायची. कुंदाबाईला काही तरी संशय आला होता, पण मी तिलाही सांगितलं नाही. अशी गोष्ट एकदा तोंडातून निघाली की गांधीबागेच्या कापडबाजारात गाठींबरोबर फिरते.

अकरा वेढ्यांपुढे त्या खांबांमध्ये जागा उरली नाही. मग मी तार बदलली, आणखी बारीक घेतली. ती अडथळा जास्त करते. शेवटच्या दोन सोमवारी वाफ म्हणून दिसत नव्हती. कापूस नुसता कोमट व्हायचा. मिस्त्री तरीही ते तोंडात धरून माझ्या दुकानात बसून राहायचे आणि कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगायचे. तासभर बसले तरी खोकला नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. पुढच्या सोमवारी ते आलेच नाहीत. मी दिवसभर रस्त्याकडे पाहत होते. संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. डॉक्टरांनी छाती तपासली, तारीख दिली.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मी धंतोलीला भेटायला गेले. मिस्त्री उशी पोटावर दाबून बसले होते, नर्सने तसं सांगितलं होतं. त्यांच्या बायकोने मला चहा दिला आणि ती औषधं आणायला खाली गेली. खोलीत आम्ही दोघेच. मला ते आणखी एक दिवसही पोटात ठेवता येणार नव्हतं.

"मिस्त्री, मी तुम्हाले फसवलं. बॅटरी चांगलीच होती. मी दर हप्त्याले एक वेढा जास्त टाकत गेली. शेवटी तं तारही बदलली."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. कारखान्यातलं सगळं बोलणं एकदम आठवलं.

"माहीत हाये," ते म्हणाले.

"काय माहीत हाये?"

"पहिल्याच सोमवारी घरी जाऊन मीटर लावला, अडथळा मोजला. सातवा वेढा तेव्हाच सापडला. मग दर सोमवारी लावत होतो."

दोन महिने मी पाठ करून बसले होते, आणि हा माणूस घरी जाऊन एकेक वेढा मोजत होता.

"मंग बोलले काहून नाही?"

मिस्त्रींनी उशी जरा घट्ट धरली.

"बोललो असतो तं तू शरमेनं बरोबर कॉइल भरून दिली असती. अन् मी घेतली असती."